आरोग्याच्या चार गोष्टी : नळ गंजतो, शीर ताठरते



आजचा विषय आहे शिरांचं म्हातारपण. खायचा शिरा नव्हे बरं का मुलांनो, अंगातल्या रक्ताच्या शिरा! हृदयाकडून रक्त घेऊन जाणाऱ्या शिरांना डॉक्टर धमन्या म्हणतात. माणसाचं खरं वय जन्मतारखेत नसून या धमन्यांत असतं, असं जुने डॉक्टर सांगत. ते का, हे समजायला जरा कुवेतच्या मीना अल-अहमदी बंदरात जाऊन येऊ.

'मीना' म्हणजे अरबीत बंदर. ३० जून १९४६ रोजी कुवेतचं पहिलं तेल इथूनच जहाजात भरून परदेशी गेलं, आणि १९४९ मध्ये तेल शुद्ध करायचा कारखाना सुरू झाला. आपले पूर्वज कोकणात घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली' झाले. तेव्हा तेलाची गोष्ट आपल्याला परकी नाही. पुढे कोकणातल्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांची मुलं पोटासाठी आखातात गेली. १९६१ मध्ये दिनार आला, तोवर कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत होता.

मीना अल-अहमदीची गंमत अशी, की तेलाच्या मोठ्या टाक्या किनाऱ्यामागच्या अहमदीच्या टेकाडावर, समुद्रापासून सुमारे ४०० फूट उंचीवर बांधल्या. तिथून तेल नळातून आपल्याच वजनाने उतरून खाली जहाजात जायचं. लोखंडाचा नळ जाडजूड, ताठ. तो गंजला तर कापायचा आणि दुसरा बसवायचा.

आपली धमनी मात्र ताठ नळ नाही. ती पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी आहे. हृदयाने रक्त ढकललं की ती फुगते, मग आकसून रक्त पुढे सरकवते. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे चालतं. वर्षानुवर्षं ताणून इलॅस्टिकचे धागे तुटतात, त्यांच्या जागी राठ धागे येतात, मध्ये चुना साचतो. धमनी ताठरली की रक्ताचा प्रत्येक ठोका हातोडीसारखा पुढे जाऊन मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या नाजूक शिरांवर आदळतो. म्हणून पुष्कळ म्हाताऱ्यांचा रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. "खालचा तर छान आहे!" म्हणून खूश होऊ नये. वरचाही बघायचा.

हे थोडंफार सगळ्यांना होतं. पण कोणाला पंचेचाळिशीत आणि कोणाला ऐंशीत, हे बरंचसं राहणीवर ठरतं. आखातातल्या कामगाराचा दिवस डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. जून ते ऑगस्ट दुपारी ११ ते ४ उघड्यावर काम करायला कुवेत सरकारची बंदी आहे, ती उगाच नाही. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून पाळीपाळीने रात्रीही जागायचं. घामाने पाणी जातं, झोप मोडते. खोलीवर बायको-मुलं नाहीत. मेसचं तेलकट जेवण, लोणचं, गोड चहा आणि वेळ जात नाही म्हणून सिगरेट. पगार झाला की पैसे घरी पाठवायचे. रक्तदाब मोजायला मात्र सवड नाही, कारण दुखत तर काही नाही! इथेच खरी फसगत आहे. शीर ताठरताना दुखत नाही. दुखतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि हे सोसणारे फक्त मजूरच नाहीत. कुवेतचे लोक स्वतः मोटारीत आणि गार खोल्यांत बसतात, तरी मधुमेह जास्त असलेल्या देशांत कुवेत अगदी वरच्या रांगेत आहे. एकाला उन्हातले कष्ट, दुसऱ्याला बसून खाणं. वाटा दोन असल्या तरी शिरा दोघांच्याही लवकर म्हाताऱ्या होतात.

आता आपलं घर बघू. १९४९-५० मध्ये येमेनहून यहुदी विमानांनी इस्राएलात आले. जेरुसलेमच्या डॉ. कोहेन यांनी त्यांची तपासणी केली आणि १९६१ मध्ये निष्कर्ष छापले. नव्याने आलेल्यांत मधुमेह जवळजवळ नव्हता. पण पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आलेल्या त्यांच्याच जातभाईंत तो चांगलाच रुजला होता, हृदयविकारही जास्त होता. रक्त तेच, ताट बदललं! साखर वाढली, हे कारण डॉक्टरांनी पुढे केलं.

आपण मूळचे भारतातले, आपल्याला आणखी एक जोखीम. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट मासिकात आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे आपला माणूस बारीक दिसला तरी आतून चरबी बाळगून असतो. "मी कुठे जाड आहे?" हा आपला बचाव चालणार नाही. कमरेचं माप घ्या आणि साखर तपासा.

साखर शिरेचं काय करते? शुक्रवारी खल्ला पाव भाजताना वरचा पापुद्रा तांबूस, कडक होतो ना? पिठातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने चिकटतात म्हणून. रक्तात साखर जास्त राहिली तर तशीच चिकटण्याची क्रिया सावकाश शिरेच्या धाग्यांत होते. ते कडक होतात.

मग करायचं काय?

मीठ : दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. त्यात पाव, चीज, जैतुनाची फळं, सूपची पूड, पापड, सुके बोंबील सगळं आलं. आपलं कोशेर मांस मीठ लावून धुतात, तरी थोडं मीठ आत राहतंच. म्हणून रश्शाची आधी चव घ्या, मग हात मिठाकडे न्या. चवीला लिंबू, कोथिंबीर, कोकम आहेच की!

तंबाखू : सिगरेट, विडी, मशेरी आणि नातवंडांचा नर्गिला, यातलं काहीच निर्दोष नाही. नर्गिल्यातल्या पाण्याने धूर स्वच्छ होत नाही. सत्तरीत सोडलं तरी फायदा होतो.

चालणं : आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. चालताना शिरेच्या आतल्या अस्तरातून एक वायू निघतो, त्याने शीर सैल पडते. त्या वायूचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. आपल्याला तो फुकट मिळतो! शब्बाथला सिनेगॉगपर्यंत पायी जातो, तसं इतर दिवशीही जा. ऊन टाळा, पाणी प्या.

गोळ्या : "आता बरं वाटतंय" म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बरं वाटतं ते गोळीमुळेच. आणि दारफळणीचा, म्हणजे योम किप्पूरचा उपास जवळ आला की आठ-दहा दिवस आधीच कुपात खोलीममध्ये जाऊन डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल, लघवीची गोळी चालू असेल तर विचारलंच पाहिजे. जीव वाचवणं हे आपल्या धर्मात उपासापेक्षा मोठं. डॉक्टरांनी "खा" म्हटलं आणि रब्बींनीही तेच सांगितलं, तर खाण्यात पाप नाही. उपाशी राहून भोवळ येऊन पडलात, तर सण घरच्यांनाच जड जातो.

आता बाळगोपाळांना काम. आजोबांच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, दोन बोटं हलकेच ठेवा. टुक-टुक लागेल. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोजा, दुपटीने वाढवा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ठोके वेडेवाकडे, कधी लवकर कधी उशिरा लागले, तर आईला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. मग आजीआजोबांचा हात धरून त्यांना फिरायला न्या. त्यांना एक चॉकलेट कमी आणि तुमची एक फेरी जास्त, हा सौदा चांगला.

मीना अल-अहमदीचा नळ बदलता येतो. आपली शीर जन्माची सोबतीण आहे. सर्जन एखादा तुकडा दुरुस्त करतील, पण सगळ्या अंगातल्या शिरा नव्या घालता येत नाहीत. तेव्हा आज संध्याकाळी रक्तदाब मोजा, आकडे वहीत लिहा आणि वही पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे ठेवा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, एकशे वीस वर्षांपर्यंत!