वर नव्हे, आडवे!

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या घरांतून दोनच पक्ष पडतात. मुले म्हणतात, ‘अजून पाच मिनिटे’. आईबाप म्हणतात, ‘डोळे जातील’. यांत तडजोडीचा संभव फारसा नसतो. आमच्या घरी मात्र एका खेळाने या पक्षभेदात बराच घोटाळा करून ठेवला आहे. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हे त्याचे नाव. आमची कन्या नववीत आहे. ती खेळते आणि खुर्चीमागे उभे राहून मी बघतो. मराठीच्या प्राध्यापकाला अग्निबाणांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. विचारो बापडा!

पूर्वीच्या मेकॅनोचेच हे नवे रूप म्हणाना. इंधनाच्या टाक्या, इंजिने, पंख, पॅराशूट असे भाग एकाला एक जोडून यान उभारायचे आणि कर्बिन नावाच्या ग्रहावरून ते उडवायचे. या कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पृष्ठभागावरची ओढ मात्र पृथ्वीइतकीच. यानात बसणारे वीर हिरव्या रंगाचे, बटबटीत डोळ्यांचे. त्यांच्या नावाचा इतिहास मोठा गोड आहे. खेळाचा कर्ता फेलिपे फालांगे हा मूळचा ब्राझीलचा. पोरवयात तो चांदीच्या कागदाची बाहुली करून शोभेच्या बाणांवर बसवी आणि आकाशात धाडी. त्या बाहुल्यांना म्हणत ‘कर्बल’. पुढे मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड नावाच्या कंपनीत असताना त्याने हा खेळ रचला. २०११ साली तो लोकांपुढे आला आणि २०१५ साली पुरा झाला. फटाक्यावर डबा पालथा घालून तो किती उडतो हे पाहणाऱ्या आपल्या पोरांचेच हे गोत्र!

खेळाच्या तऱ्हा तीन. एकीत पैसा आणि लौकिक सांभाळून कामे घ्यायची. दुसरीत प्रयोग करून नवनवे भाग मिळवायचे. तिसरीला ‘सँडबॉक्स’ म्हणतात, म्हणजे मुलांनी किल्ले करावेत तशी वाळू. तिथे सारे भाग पहिल्यापासून मोकळे; खर्चाची काळजी नाही आणि अमुकच करा असे सांगणारेही कोणी नाही. कन्येचा मुक्काम तिथेच असतो.

आमच्या शेजारचे काका निवृत्त इंजिनियर. उभा जन्म पूल बांधण्यात गेलेला. एका रविवारी ते खुर्चीवर बसले, भलामोठा अग्निबाण रचला आणि नाकासमोर सरळ वर सोडला. चांगला उंच गेला, इंधन संपले, आणि आला तसाच खाली. काकांनी आणखी दोन टाक्या चढवल्या. पुन्हा तेच. तेव्हा कन्या म्हणाली, “काका, नुसतं वर काय चाललात? आडवं वळा ना!”

या एका वाक्यात सारी विद्या आहे. उपग्रह खाली पडत नाही तो उंचीमुळे नव्हे; तो पडतच असतो. पण आडवा इतक्या वेगाने धावत असतो की तो पडेपर्यंत खालची गोल जमीनही तितकीच वाकून दूर गेलेली असते. उंच डोंगरावरच्या तोफेचे उदाहरण घेऊन न्यूटनने हेच समजावले होते. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून माणसे तरंगतात, असे आपल्यापैकी पुष्कळजण मानतात. वास्तविक पृथ्वीपासून ४०० किलोमीटरवर जमिनीवरच्या ओढीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग शिल्लक असतो. आणि नुसत्या टाक्या वाढवून का भागत नाही? लांबच्या प्रवासाला निघालेल्या बैलांनी स्वतःचा कडबाही स्वतःच ओढायचा म्हटले की जे होते तेच! कडबा वाढला की ओझे वाढते, ओझे वाढले की कडबा. या हिशेबाचे सूत्र रशियातल्या त्सिओल्कोव्स्कीने १९०३ साली प्रसिद्ध केले. रिकाम्या टाक्या वाटेत टाकून देण्याची युक्ती निघाली ती यामुळेच.

याहून विचित्र धडा दोन यानांच्या भेटीचा. पुढच्या यानाला गाठायचे म्हणून वेग वाढवला, की आपण वरच्या, लांबच्या वाटेला लागतो आणि मागे पडतो. गाठायचे तर आधी वेग कमी करून खालची जवळची वाट धरायची. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’ यानातून मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रोखाने जोर लावला, तरी तो दूरच जाई. इंधन भराभर संपू लागले, तेव्हा नाद सोडावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनीच्या दोन यानांची भेट जमली. आपल्या ‘इस्रो’ने दोन उपग्रह आकाशात एकमेकांना जोडले ते जानेवारी २०२५ मध्ये.

“हे सगळं कोणत्या परीक्षेत येणार आहे?” हा सौभाग्यवतींचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. पुढच्या वर्षी दहावी आहे आणि वेळ काही आकाशातून पडत नाही. पण एक गोष्ट मला दिसते. चाचणीत गणित चुकले की कन्या कागद दप्तराच्या तळाशी लपवते. इथे यान कोसळले की आम्हाला हाक मारते, ‘बघा, का पडलं ते सांगते.’ मुलगी तीच. फरक इतकाच की चाचणीत चूक हा शेवट असतो, आणि इथे ती पुढच्या खेपेची सामग्री असते. १९७९ साली आपला एसएलव्ही-३ फसला, १९८० साली यशस्वी झाला. २०१९ साली चंद्रावर आदळलेल्या ‘विक्रम’नंतर २०२३ साली दुसरा ‘विक्रम’ अलगद उतरला. मधल्या वर्षांत तिथल्या माणसांनीही हेच केले असणार, चूक लपवली नाही.

अर्थात खेळात एक बटण दाबले की यान पुन्हा तळावर उभे राहते. १ फेब्रुवारी २००३ ला ‘कोलंबिया’तून परतणाऱ्या कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सोबत्यांसाठी असे बटण नव्हते. हेही मुलांना सांगायला हवे, आणि ते सांगण्याचे काम खेळ करणार नाही. ते आपल्यालाच केले पाहिजे.

आमच्या घरी अखेर तह झाला आहे: रोज एकच तास, आणि जे यान पडेल त्याचे कारण वहीत दोन ओळींत लिहायचे, तेही मराठीत. वहीची तपासणी माझ्याकडे. गुण मात्र द्यायचे नाहीत, अशी कन्येची अट आहे. या दिवाळीत तुमच्या गच्चीवरून बाण सुटला, की घरातल्या मुलांना सहज विचारून पाहा, तो परत का आला. ‘उंच गेला नाही म्हणून’ असे उत्तर मिळाले, तर रागावू नका. आमच्या काकांचेही तेच उत्तर होते, आणि त्यांचे पूल अजून भक्कम उभे आहेत.