टायमधली मुत्सद्देगिरी

गेल्या पावसाळ्यातील एका शनिवारी, सायंप्रार्थनेच्या सुमारास, सातवीतला एक मुलगा आपल्या आईबरोबर आमच्या निवासाच्या पायऱ्या चढून आला. अंगात भाड्याने आणलेला ब्लेझर, गळ्यात टाय, हातात छापील कागद. दुसऱ्या दिवशी रविवार असूनही तो मिस्साला येऊ शकणार नव्हता, कारण एका नामांकित शाळेत ‘अभिरूप राष्ट्रसंघ’ भरणार होता आणि आमचा हा बालमित्र तेथे बांगलादेशाचा प्रतिनिधी म्हणून बसणार होता. “फादर, एकदा त्याचं भाषण ऐका ना,” आई कौतुकाने म्हणाली. आम्ही ऐकले. तीन मिनिटांचे अस्खलित इंग्रजी भाषण कोठेही न अडखळता झाले.

आम्ही विचारले, “बाळ, बांगलादेशाला भारताकडून नेमके काय हवे आहे?” त्याने कागदाकडे पाहिले. कागदात ते नव्हते. “बरे, भारताचा प्रतिनिधी उद्या तुला काय म्हणेल?” यावर मात्र त्याने तत्परतेने उत्तर दिले, “ते त्याच्या कागदात असेल, फादर.”

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. दोष त्या निष्पाप मुलाचा नाही. ज्या तयारीने त्याला तेथवर आणले, त्या तयारीविषयी आम्हांला आज स्पष्ट बोलावयाचे आहे. काही पालक आणि काही शिक्षकबंधू यामुळे आमच्यावर रुष्ट होतील. ते आम्ही पत्करले आहे.

प्रथम या उपक्रमाचे श्रेय त्याला दिले पाहिजे. कल्पना जुनी आहे आणि चांगली आहे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थी त्या काळच्या राष्ट्रसंघाचे अभिरूप अधिवेशन भरवीत. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाल्यावर तीच परंपरा नव्या नावाने पुढे चालू राहिली. प्रत्येक विद्यार्थ्याने एका देशाची भूमिका घ्यावयाची, त्या देशाचे भूमिकापत्र लिहावयाचे, वक्त्यांच्या यादीनुसार बोलावयाचे, मधल्या मोकळ्या वेळात इतर प्रतिनिधींना भेटून ठरावाचा मसुदा तयार करावयाचा, त्यावर दुरुस्त्या घ्यावयाच्या आणि अखेरीस मतदान करावयाचे. सहावी ते आठवीच्या मुलांना याहून चांगले नागरिकशास्त्र कोणते? दुसऱ्या देशाच्या जागी क्षणभर उभे राहून जगाकडे पाहावयाचे, हे शिक्षण पाठ्यपुस्तकातील दहा धड्यांनी मिळत नाही.

परंतु आमच्या शाळांतून सध्या जे चालते ते काय आहे? भाषण शिकवणीच्या वर्गात लिहिले जाते, मूल ते पाठ करते. किती वेळा हात वर केला आणि किती मिनिटे माईक धरला, यावर गुण पडतात. शेवटी एका मुलाला ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ म्हणून चषक मिळतो. मसुदा मात्र घाईघाईने, बहुधा एखाद्या आक्रमक मुलाच्या हातून लिहिला जातो आणि उरलेले त्यावर सह्या करतात. म्हणजे राजनयाचा जो गाभा, तो पाच मिनिटांत उरकावयाचा आणि त्याचा जो मुलामा, त्यावर दोन महिने खर्चावयाचे!

केवळ वक्तृत्वाने शिष्टाई साधत नाही, याची साक्ष आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. जानेवारी १९५७ मध्ये व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुरक्षा परिषदेत काश्मीरप्रश्नावर दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास भाषण केले. त्या भाषणाची आठवण आजही अभिमानाने काढली जाते आणि तो अभिमान अनाठायी नाही. तथापि २४ जानेवारी रोजी भारताला नको असलेला ठराव १० मतांनी संमत झाला. विरोधात एकही मत पडले नाही; सोव्हिएत संघ तेवढा तटस्थ राहिला. पुढे २० फेब्रुवारी रोजी सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून दुसरा मसुदा रोखला. तो नकाराधिकार भाषणाच्या लांबीने मिळालेला नव्हता. १९५५ साली बुल्गानिन आणि ख्रुश्चॉव्ह भारतात येऊन गेले होते; सभागृहाबाहेर, धीराने जुळवलेल्या त्या संबंधांचे ते फळ होते. आमच्या स्पर्धेत परीक्षक कोणाला गुण देतील, आठ तास बोलणाऱ्याला की संबंध जुळवणाऱ्याला? उत्तर वाचकांना ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण याहून लहान आणि म्हणून मुलांच्या अधिक उपयोगाचे आहे. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना मानवी हक्क आयोगात भारताच्या वतीने हंसा मेहता बसत होत्या. पहिल्या कलमात ‘मेन’ हा शब्द होता. जगातील अनेक देश या शब्दाचा अर्थ फक्त पुरुष असा लावतील, हे त्यांनी ओळखले आणि त्याजागी ‘ह्यूमन बीइंग्ज’ हा शब्दप्रयोग यावा असा आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे ४८ मतांनी संमत झालेल्या जाहीरनाम्यात तो बदल कायम राहिला. एका शब्दाची ती दुरुस्ती आज पाऊणशे वर्षांहून अधिक काळ टिकली आहे. आम्ही आमच्या मुलांना माईक धरावयास शिकवतो. मसुद्यातील एका शब्दावर थांबावयास शिकवतो काय?

केवळ टीका करणे आमच्या वृत्तीला पटेना. म्हणून यंदाच्या मे महिन्यात आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात सहावी ते आठवीची चोवीस मुले गोळा केली. त्यांत इंग्रजी माध्यमाची होती, तशी मराठी माध्यमाचीही होती. ब्लेझरवाला आमचा मित्रही होता.

आरंभी आम्ही त्यांना राष्ट्रसंघाजवळ फिरकूही दिले नाही. त्यांना आपल्या वसईची विहीर दिली. एक बागायतदार विहिरीचे पाणी टँकरवाल्याला विकतो. ते पाणी नव्या इमारतीतील कुटुंबांना मिळते. आणि शेजारच्या वाडीतील विहीर मचूळ होत जाते. बागायतदार, टँकरवाला, इमारतीतील आई आणि शेजारी, असे चार पक्ष केले. नियम एकच: समोरच्याने मांडलेला मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावयाचा आणि मगच आपला मांडावयाचा.

हा नियम आमचा नव्हे. सेमिनरीत आमचे एक वृद्ध प्राध्यापक होते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या समाधानापुरते मांडल्याशिवाय ते आम्हांला उत्तराचे तोंडच उघडू देत नसत. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ची रचनाही अशीच केली आहे. प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी ते स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप मांडतात, त्यानंतर आपले उत्तर देतात आणि शेवटी एकेका आक्षेपाकडे परत येतात. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती शिस्त बारा वर्षांच्या मुलांना दोन दिवस काही केल्या जमेना. “तो म्हणतो ते चूक आहे,” एवढ्यावरच गाडी अडे. तिसऱ्या दिवशी आम्ही पक्ष बदलले. कालचा टँकरवाला आज शेजारी झाला. तेव्हा कोठे सभागृहात शांतपणे ऐकणे सुरू झाले.

मग आम्ही भिंतीवर नकाशा लावला आणि गंगा आणली. १९७५ साली भारताने फरक्का येथील धरण कार्यान्वित केले, ते हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा म्हणून. पलीकडे तीच गंगा पद्मा होते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह घटला की बांगलादेशाच्या नैर्ऋत्येस खुलना भागात समुद्राचा खार आत शिरतो. १२ डिसेंबर १९९६ रोजी दोन्ही देशांनी ३० वर्षांच्या मुदतीचा करार केला. त्याचे सूत्र सातवीच्या गणितात बसते. १ जानेवारी ते ३१ मे या काळात, दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने, फरक्का येथे प्रवाह ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. ७५,००० च्या वर गेला तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. मुलांनी उदाहरणे सोडवली. प्रवाह ७२,००० असता भारताला किती? ३७,०००. ८०,००० असता? दोघांना सारखेच. ज्यांना गणिताचा कंटाळा होता, तीही मुले भराभर बोटे मोडू लागली.

याच करारात एक जागा अशी आहे की जेथे आकडे संपतात. प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करून समन्याय राखावा आणि कोणाचीही हानी होऊ नये असे पाहावे, एवढेच करार सांगतो. आम्ही मुलांना म्हटले, “या कलमापुढचे वाक्य तुम्ही लिहा.”

बांगलादेशाच्या बाजूला आठवीतील एक मुलगी होती. तिची शाळा मराठी माध्यमाची. गतवर्षीच्या त्या स्पर्धेचे निमंत्रणच तिच्या शाळेला नव्हते, कारण तेथे इंग्रजीखेरीज अन्य भाषेत बोलण्यास मज्जाव होता. भारताच्या बाजूला आमचा ब्लेझरवाला होता. तो म्हणाला, “पाणी सोडलं तर हुगळीत गाळ साचेल.” नियमाप्रमाणे तिने त्याचे म्हणणे आधी नीट सांगितले, बंदराचे आणि तेथील हमालांच्या पोटाचेही सांगितले. मग ती म्हणाली, “तुमचा गाळ उपसता येतो. आमच्या जमिनीतला खार उपसता येत नाही. आमच्या घरची विहीर अशीच गेली.”

सभागृह स्तब्ध झाले. त्या मुलाने बराच वेळ कागदावर काहीबाही खरडले. अखेर दोघांनी मिळून वाक्य लिहिले: प्रवाह ५०,००० च्या खाली गेल्यास बैठक होईपर्यंत निम्मे-निम्मे वाटप चालू ठेवावे, बैठक तीन दिवसांत बसवावी, आणि पुढील दहा दिवसांत प्रवाह वाढल्यास भारताची तूट आधी भरून काढावी. ‘तूट’ कोणत्या आकड्यापासून मोजावयाची यावर आणखी तासभर वाद झाला. तीन मुले शेवटपर्यंत तटस्थ राहिली. दोन्ही देशांच्या जलतज्ज्ञांना हे वाक्य कदाचित भाबडे वाटेल. आम्हांला ते चषकाहून मोलाचे वाटले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की या स्पर्धांमुळे मुलांना सभाधीटपणा येतो. येतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु सभाधीटपणासाठी वक्तृत्वस्पर्धा आहेत, नाटके आहेत, मिस्साच्या वेळी वाचन करण्याची संधी आहे. राजनयाचे नाव घेऊन जर धिटाईच शिकवावयाची असेल, तर ते नाव तरी वगळावे.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. जगाची भाषा इंग्रजी आहे, मुलांनी ती शिकावीच, असे पालक म्हणतात. शिकावीच, आम्ही कोठे नाही म्हणतो? परंतु खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या अधिकृत भाषा सहा आहेत, आणि त्या सहांत नसलेल्या हिंदीतून ४ ऑक्टोबर १९७७ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी यांनी तेथील आमसभेत भाषण केले होते. न्यूयॉर्कमध्ये जे चालले, ते आमच्या तालुक्यात चालत नाही! खुलन्याचा खार ज्या मुलीला चोवीस मुलांत सर्वाधिक कळला, तिला केवळ भाषेपायी दाराबाहेर ठेवणारी स्पर्धा मुलांना जगाची ओळख करून देते, यावर आम्ही विश्वास कसा ठेवावा? एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या मुलांत ‘बोलणारी’ आणि ‘बघणारी’ अशा दोन जाती आम्ही आमच्याच हातांनी निर्माण करीत आहोत.

तिसरा आक्षेप एका ज्येष्ठ पालकांनी घेतला आणि तो गंभीर आहे. स्वतःला न पटणारी बाजू मुलाने हिरिरीने मांडणे, हा खोटेपणाचा धडा नव्हे काय? पाठ केलेला कागद म्हणणे हा तसा धडा होऊ शकतो, हे खरे. परंतु दुसऱ्याची अडचण समजून ती त्याच्या शब्दांत सांगणे यात खोटेपणा नाही. संत लूकच्या शुभवर्तमानात, वीस हजारांनिशी चालून येणाऱ्या राजासमोर दहा हजारांनिशी उभ्या ठाकलेल्या राजाचा दृष्टान्त आहे. तो आधी बसून विचार करतो आणि शत्रू दूर आहे तोच वकील पाठवून सलोख्याचे बोलणे लावतो. समोरच्याचे बळ आणि हेतू न जाणता तो वकील काय बोलणार? कृष्णशिष्टाईची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पाच गावांवर तडजोड करण्याची तयारी घेऊन गेलेला तो दूत अपयशी ठरला, तरी त्याची शिष्टाई लोक विसरले नाहीत.

म्हणून शाळाचालकांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. व्यक्तिगत चषक बंद करून सर्वांनी मिळून केलेल्या मसुद्याचे मूल्यमापन करावे. शिकवणीत लिहिलेली भाषणे नाकारावीत आणि मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पानी भूमिकापत्र घ्यावे. मराठीतून बोलण्यास मुभा द्यावी आणि दुभाष्याचे काम दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांनाच सोपवावे. त्यांना त्याहून चांगली इंग्रजीची शिकवणी मिळणार नाही. या आशयाचे पत्र आम्ही स्पर्धेच्या आयोजकांना जूनमध्येच पाठवले आहे. हा मजकूर लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

उत्तर येवो न येवो, पालकहो, तुमच्या हाती एक गोष्ट आहे. यंदा नोंदणीचे शुल्क भरण्यापूर्वी आणि ब्लेझर भाड्याने आणण्यापूर्वी आपल्या मुलाला जवळ बसवा आणि विचारा: समोरच्या देशाला काय हवे आहे, आणि का? त्याला ते सांगता आले तर खुशाल पाठवा. न आले तर स्पर्धेला अजून अवकाश आहे. नकाशा काढा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही बसा.