गाडीचा गिअर आणि घराचा हिशेब

या आठवड्याचं पत्र आहे पाथर्डीच्या एका भगिनीचं. त्या लिहितात, “आमची गाडी सेकंडहँड घेतलेली, सात वर्षं जुनी आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. मिस्टरांची नोकरी, म्हणून गाडी मीच चालवते. हल्ली करंजी घाट चढताना जळकट वास येतो आणि दुसरा गिअर टाकताना करकर होते. मिस्त्री म्हणतो, गिअर ऑइल बदला. मिस्टर म्हणतात, इंजिनाचं ऑइल आपण दरवर्षी बदलतो, आता हे आणखी कशाला? गाडी चालतेय ना! मी कोणाचं ऐकू?”

ताई, तुमचा प्रश्न एकट्या तुमचा नाही. आता आपल्या कितीतरी जणींच्या हातात गाडीची किल्ली आली आहे. पण बॉनेटच्या खाली काय चाललं आहे, हे “त्यांचं खातं” म्हणून आपण सोडून देतो. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी नीट देत नसेल, तर आपण लगेच रिंग आणि व्हॉल्व्ह तपासतो. मग ज्या गाडीत आपण म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना बसवतो, तिच्याकडे दुर्लक्ष कसं चालेल?

आधी गिअर म्हणजे काय ते साध्या भाषेत पाहू. रसवंतीचा चरक तुम्ही पाहिलाच असेल. लहान दात्यांचं चाक मोठ्या चाकाला फिरवतं, तेव्हा वेग कमी होतो पण जोर वाढतो. म्हणून तर ऊस चिपाड होऊन बाहेर पडतो. गाडीच्या गिअरबॉक्समध्येही अशीच दात्यांच्या चाकांची जोडपी असतात. लहान गाडीत पहिल्या गिअरला इंजिन साधारण साडेतीन फेरे फिरतं तेव्हा गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा एकदा फिरतो. म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. पाचव्या गिअरला उलट होतं. इंजिनाच्या एका फेऱ्यात तो दांडा एकापेक्षा जास्त फिरतो. म्हणून चढाला खालचा गिअर आणि सपाटीला वरचा.

चढासाठी वेगळा गिअर हवा, ही गोष्ट पटवून देण्यात एका गृहिणीचाही हात होता, बरं का! 1888 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह माहेरी निघाली. मॅनहाइम ते फोर्झहाइम असा तो शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास होता. चढ आला की गाडी दम सोडायची आणि मुलांना उतरून ढकलावं लागायचं. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर बसवा. कार्ल बेंझने तो बसवला. तेव्हा गाडीतलं बायकांना काय कळतं, असं कोणी म्हटलं तर ही गोष्ट जरूर सांगा.

आणि नगर जिल्ह्याला (आता 2024 पासून अहिल्यानगर) ही विद्या काही परकी नाही. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था नगरला आहे, आणि 1994 साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालयही तिथेच आहे. 1972 साली कायनेटिकची लुना याच नगरातून बाहेर पडली. लुनाला बदलायचे गिअरच नव्हते, क्लच आपोआप काम करायचा. म्हणून कितीतरी शिक्षिका, नर्स आणि नोकरदार भगिनी पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर बसल्या.

आता तुमच्या मिस्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. इंजिनाचं ऑइल आणि गिअरचं ऑइल ही दोन वेगळी तेलं आहेत, आणि ती वेगवेगळ्या जागी असतात. एक बदललं म्हणजे दुसरं बदललं, असं होत नाही. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची काजळी तेलात मिसळते, म्हणून ते लवकर काळं होतं आणि वारंवार बदलावं लागतं. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही, म्हणून तिथलं तेल बरंच जास्त टिकतं. पण जास्त टिकतं म्हणजे जन्मभर टिकतं असं नव्हे. दाते एकमेकांवर घासतात, त्याची बारीक कीस तेलात उतरते. उष्णतेने तेलाचा गुण कमी होतो. शिलाई मशीनला तेल दिलं नाही तर ते आधी जड चालतं, मग आवाज करतं आणि शेवटी अडकतं. गिअरबॉक्सचं दुखणंही याच क्रमाने वाढतं.

खर्चाचा हिशेबही करून पाहा. लहान गाडीच्या गिअरबॉक्समध्ये साधारण दोन लिटर तेल मावतं. ते बदलायला मिस्त्रीला फार वेळ लागत नाही. पण तेलाअभावी बेअरिंग गेलं किंवा दाते झिजले, तर सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. मग मजुरी वेगळी, सुटे भाग वेगळे आणि गाडी कितीतरी दिवस गॅरेजमध्ये. तुमच्या घरी तर सासूबाईंचा डायलिसिसचा वार चुकवून चालत नाही. तेव्हा हा खर्च नुसता पैशाचा नाही, हे मिस्टरांना शांतपणे समजावून सांगा. गाडीची पुस्तिका उघडून गिअर ऑइलचं पान त्यांच्यासमोर ठेवा. वाद घालण्यापेक्षा ते छापील पान जास्त काम करतं.

मात्र, ताई, एक गोष्ट महत्त्वाची आहे. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. घाटातला जळकट वास बहुधा गिअर ऑइलचा नाही, क्लच प्लेटचा आहे. ऑइल बदलून तो जाणार नाही. क्लच घसरतो का, ते असं पाहा: सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर थोडा दाबा. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट झिजली आहे असं समजा. करकर मात्र दोन कारणांनी होऊ शकते. एक तर क्लच पूर्ण सुटत नसेल, केबल ढिली झाली असेल. नाहीतर गिअरचा वेग जुळवून घेणाऱ्या पितळी रिंगा झिजल्या असतील किंवा तेल संपत आलं असेल. म्हणून मिस्त्रीला “ऑइल बदला” एवढंच न सांगता “आधी क्लच बघा, मग गिअर ऑइलची पातळी बघा” असं सांगा. ते होईपर्यंत सासूबाईंना न्यायची दुसरी सोय करा. घाटात मध्येच क्लच गेला तर आजारी माणसाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहणं बरं नव्हे.

क्लच लवकर का झिजतो? आपल्या जिल्ह्यात त्याचं एक खास कारण आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या येतात. त्यांच्या मागे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडते, आणि आपला पाय क्लचवर अर्धा दाबलेला राहतो. या हाफ क्लचमध्ये प्लेट सारखी घासत असते आणि तापते. त्यापेक्षा पुढे थोडं अंतर राहू द्या, मग गिअर पूर्ण लावून सावकाश पुढे जा. शनिशिंगणापूर किंवा शिर्डीच्या गर्दीतही हेच करा. चढावर थांबायचं असेल तर क्लच-ॲक्सिलरेटरच्या तालावर गाडी झुलवत ठेवू नका, सरळ हँडब्रेक ओढा.

आता उताराबद्दल. चंदनापुरीचा घाट असो, करंजीचा असो की माळशेजचा, “पेट्रोल वाचतं” म्हणून पुष्कळ लोक उतारावर गाडी न्यूट्रल करतात. हा भ्रम आहे आणि धोकाही. आजच्या गाड्यांत गिअर लावून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंजिनाला पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. शिवाय न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नेम आजही खरा आहे.

आता गिअरबॉक्सची काळजी घेण्यासाठी काही सूचना देते. कात्रण कापून गाडीच्या पुस्तिकेत ठेवा.

1. गिअर ऑइल किती किलोमीटरनंतर बदलायचं हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. पुष्कळ गाड्यांना ते साधारण 40 हजार किलोमीटरच्या आसपास येतं. पण शेवटचा शब्द पुस्तिकेचा. गाडी घाटात, धुळीत किंवा गर्दीत जास्त चालत असेल तर थोडं आधीच बदला.

2. सेकंडहँड गाडीचं ऑइल आधी कधी बदललं याची नोंद मिळाली नाही, तर एकदा बदलून घ्या आणि त्या दिवसापासून हिशेब धरा.

3. कोणतंही तेल चालत नाही. डब्यावर जी.एल.-४ किंवा जी.एल.-५ असं लिहिलेलं असतं. एकाऐवजी दुसरं घातलं तर पितळी रिंगांना ते बाधू शकतं. पुस्तिकेत लिहिलं असेल तेच आणा आणि डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा.

4. जुनं तेल काढताना खालचा स्क्रू बघा. पुष्कळ गाड्यांत त्याला लोहचुंबक असतं. त्यावर काळी मऊ भुकटी असेल तर चिंता नाही. चमकणारे तुकडे असतील तर आत काहीतरी तुटत आहे.

5. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात पाणी आलेल्या पुलावरून किंवा ओढ्यातून गाडी घातली असेल तर हे आवर्जून बघा. आणि असं पाणी वाहत असताना गाडी घालूच नका.

6. गाडी उभी करता त्या जागी रात्री एक जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा डाग दिसला तर ऑइल सील गळतं आहे. सील स्वस्तात बदलून मिळतं. तेल संपेपर्यंत थांबलात तर ते महागात पडतं.

7. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका. चालताना हात गिअरच्या दांड्यावर आणि पाय क्लचवर टेकवून ठेवायची सवय मोडा.

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांनी “क्लचच नाही, मग काळजी कसली” असं समजू नये. 2014 पासून मारुतीच्या सेलेरिओमुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या ए.एम.टी. गाड्यांत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. म्हणून चढावर गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर धरून ठेवली तर तिचीही प्लेट जळते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकचं तेल बहुधा लाल असतं. ते तपकिरी होऊन जळका वास येऊ लागला तर गॅरेजला न्या. सी.व्ही.टी. गाडीचं तेल आणखी वेगळं, त्यात दुसरं मिसळू नये. आणि अशी गाडी बंद पडली तर चाकं रस्त्यावर ठेवून टोचन करून नेऊ नका. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही आणि सगळं कोरडं घासतं. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलवा.

स्कूटरवाल्या भगिनींनो, तुम्हीही सुटला नाहीत! 1984 साली कायनेटिक होंडा आली तेव्हापासून बिनगिअरची स्कूटर आपल्या ओळखीची झाली. तिच्यात गिअरऐवजी रबरी पट्टा असतो, पिठाच्या गिरणीसारखा. तो पुस्तिकेप्रमाणे तपासून बदलायचा असतो, नाहीतर भर रस्त्यात तुटतो. शिवाय मागच्या चाकाजवळ शंभर-सव्वाशे मिलिलिटर गिअर ऑइल असतं. सर्व्हिसिंगमध्ये ते हमखास विसरलं जातं. पुढच्या वेळी “मागचं ऑइल बदललं का?” एवढं विचारा. तुम्हाला कळतं, हे मिस्त्रीच्याही लक्षात येईल.

पाथर्डीच्या ताई, एक छोटी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि किती पैसे दिले, एवढं एका ओळीत लिहीत जा. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब आपण ठेवतोच, त्यातच गाडीचं एक पान. पुढे गाडी विकायची वेळ आली तर हीच वही चांगली किंमत मिळवून देईल. आणि सासूबाईंची तब्येत कशी आहे ते जरूर कळवा.