जोडीदाराची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनीं होते, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस ठाऊक आहेच. परंतु त्यापूर्वीं प्रत्येक पक्षांत जी प्राथमिक निवडणूक होते, तींत उभ्या राहणाऱ्या इच्छुकानें उपाध्यक्षपदासाठीं जोडीदार कसा निवडावा, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं.

पक्षाची उमेदवारी हातीं आल्यावरच जोडीदाराचें नांव जाहीर करावयाचें, अशी सामान्य वहिवाट आहे. १९७६ सालीं रोनाल्ड रेगन यांनीं ती मोडली. कॅन्सस सिटी येथील पक्षाधिवेशनास तीन आठवडे असतांच त्यांनीं पेनसिल्व्हेनियाचे सेनेटर रिचर्ड श्वायकर यांचें नांव पुकारलें. रेगन जुन्या वळणाचे, श्वायकर उदारमतवादी. तेव्हां त्या संस्थानचे प्रतिनिधी अध्यक्ष फोर्ड यांच्या गोटांतून फुटतील, ही आशा. ती फळली नाहींच. उलट रेगन यांचेच अनुयायी रुष्ट झाले. फोर्ड यांस ११८७ मतें पडलीं, रेगन यांस १०७०. २०१६ सालीं टेड क्रूझ यांनीं तर ‘बाजारांत तुरी’ ही म्हणच खरी केली. २७ एप्रिल रोजीं त्यांनीं कार्ली फियोरिना यांस जोडीदार म्हणून पुढें केलें; ३ मे रोजीं इंडियाना संस्थान हातचें गेलें आणि त्याच रात्रीं त्यांनीं माघार घेतली.

यावरून कोणी म्हणेल कीं, नांव आधीं सांगणें हीच चूक. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलगी देतांना पालक केवळ वर पाहत नाहींत, घरहि पाहतात. मग मतदारानें जोडी पाहून मत दिलें तर त्यांत वावगें काय? चूक आहे ती कसोटींत. कोणतें संस्थान पदरांत पडेल हें मोजून माणूस निवडला जातो. उद्यां आपण नसलों तर हा राज्यशकट हांकील काय, हें पाहिलें जात नाहीं. आणि हा प्रश्न कांहीं काल्पनिक नव्हे. आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येंच अध्यक्षपदीं आले. आठ अध्यक्षाच्या मृत्यूमुळें, एक राजीनाम्यामुळें. हे शेवटचे म्हणजे उपरोक्त फोर्डच!

१९४४ सालीं रूझवेल्ट यांची प्रकृति ढासळली असतां पक्षाच्या धुरीणांनीं हॅरी ट्रुमन यांस त्यांच्या जोडीस दिलें. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले तोंच, १२ एप्रिल १९४५ रोजीं, रूझवेल्ट निवर्तले. आणि ज्या अणुबाँबसंबंधीं ट्रुमन यांस तोंवर पुरतें सांगितलेंहि नव्हतें, तो वापरावयाचा कीं नाहीं, हा निर्णय त्यांच्या शिरीं येऊन पडला.