विश्लेषण : हार्ड डिस्क महागल्या, घरच्या ‘नॅस’साठी स्वस्त कोणती आणि फसवी कोणती?

गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. १५ जीबी भरले की पैसे भरा किंवा फोटो काढून टाका, हे दोनच पर्याय उरले. तेव्हापासून अनेक घरांत ‘नॅस’चा विचार सुरू झाला. नॅस म्हणजे राउटरला जोडलेली छोटी पेटी. तिच्यात एक, दोन किंवा चार हार्ड डिस्क बसतात आणि घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्ही तिथून फोटो-व्हिडीओ घेतात-ठेवतात. पेटी एकदाच घ्यायची असते. खरा खर्च डिस्कचा, आणि गेल्या काही काळात तोच वाढला आहे.

डिस्क का महागल्या?

जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या फक्त तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना मोठ्या क्षमतेच्या डिस्क घाऊक हव्या आहेत, त्यामुळे किरकोळ ग्राहक रांगेत मागे पडला. २०११ मध्ये थायलंडमधल्या पुरात कारखाने बुडाले, तेव्हाही असेच भाव चढले होते. भाव चढले की ‘नवी कोरी, निम्म्या किमतीत’ अशा जाहिरातींना ऊत येतो. गोंधळ तिथून सुरू होतो.

‘नवी’ डिस्क खरंच नवी असते का?

२०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हे प्रकरण उघड झालं. सीगेटच्या डेटा सेंटर दर्जाच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्यातल्या अनेक १५ ते ५० हजार तास चाललेल्या निघाल्या. ५० हजार तास म्हणजे अखंड साडेपाच वर्षांहून जास्त! डिस्क स्वतःच्या वापराची नोंद ठेवते, ती ‘स्मार्ट’ नोंद शून्यावर आणली होती. पण सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची दुसरी नोंदही असते. ती फेरफार करणाऱ्यांच्या हातून सुटली आणि बिंग फुटलं. या डिस्क चिया या क्रिप्टोचलनाच्या मायनिंगमधून आल्या असाव्यात, असा संशय आहे. आपण त्या विक्रेत्यांना पुरवल्या नाहीत, असं सीगेटने सांगितलं.

म्हणून पैसे देण्याआधी सीरियल नंबर मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासा. बाहेरून आणलेल्या डिस्कची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही. दुकानदार नंबर द्यायला का-कू करत असेल, तर दुसरं दुकान बघा.

एसएमआर आणि सीएमआर म्हणजे काय?

एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे कमी जागेत जास्त माहिती मावते आणि डिस्क स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची हलवावी लागतात, तसंच इथेही होतं. सीएमआरमध्ये पट्ट्या सुट्या असतात. रोज फोटो टाकताना दोन्हींतला फरक फारसा जाणवणार नाही. नॅसमधली एक डिस्क बिघडून नवीवर सगळी माहिती पुन्हा उतरवायची वेळ आली, की एसएमआर रडवते. काही तासांचं काम दिवसांवर जातं, आणि तेवढा काळ तुमचे फोटो उरलेल्या एकाच डिस्कच्या भरवशावर असतात.

एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटलने नॅससाठीच्याच ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये न सांगता एसएमआर वापरलं होतं. अमेरिकेत दावा झाला आणि २७ लाख डॉलरवर मिटला. आता नाव नीट वाचा : साधी ‘रेड’ एसएमआर, ‘रेड प्लस’ सीएमआर. सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ आणि तोशिबाची ‘एन३००’ याही सीएमआर.

मग परवडणारी कोणती?

किंमत टीबीने भागा. समजा ४ टीबी १२ हजारांना आणि ८ टीबी २० हजारांना आहे. पहिलीचा टीबी ३ हजारांना पडतो, दुसरीचा अडीच हजारांना. शिवाय अखंड चालणारी एक डिस्क वर्षाला साधारण ५० युनिट वीज खाते, म्हणजे डिस्क जितक्या कमी तितकं बरं. वॉरंटीही हिशेबात धरा. नॅसच्या साध्या डिस्कना सहसा तीन वर्षं मिळतात, ‘प्रो’ना पाच. घरच्या वापराला ‘प्रो’ची गरज नसते असं आमचं मत, पण फरक थोडाच असेल तर दोन वर्षं जास्त मिळताहेत, ती सोडू नयेत.

पेटी घेतानाही विचारा, कोणत्याही कंपनीची डिस्क चालते का? सायनॉलॉजीने २०२५ मध्ये ‘प्लस’ मालिकेच्या नव्या पेट्यांना आपल्याच डिस्कची अट घातली होती. ग्राहकांच्या नाराजीनंतर ऑक्टोबरमध्ये ती मागे घेतली.

दोन डिस्क लावल्या की बॅकअप झाला?

नाही. दोन्हींवर तेच लिहिलं जात असल्याने एक बिघडली तर दुसरी वाचवते. पण मुलाने चुकून फोल्डर डिलीट केला, तर तो दोन्हींवरून जातो. आणि डिस्क बिघडतातच : लाखो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीच्या २०२४ च्या आकडेवारीत वर्षभरात बंद पडण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं. बजेट ताणलेलं असेल तर महागडी जोडी घेण्याऐवजी साध्या सीएमआर डिस्क घ्या आणि उरलेल्या पैशांत एक बाहेरची यूएसबी डिस्क. तिच्यावर महिन्यातून एकदा फोटो उतरवून ती दुसऱ्या घरी ठेवा. या कामाला एसएमआरही चालते.

नवी डिस्क आल्यावर खोकं उघडतानाचा व्हिडीओ काढा आणि फोटो टाकण्याआधी नॅसच्या सेटिंगमधून ‘स्मार्ट’ची लांब चाचणी लावा. मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे उरका.