झेब्रा पट्टे सारखेच, रिवाज मात्र निराळे

बोदलकसा (जि. गोंदिया) : तिरोडा तालुक्यातील बोदलकशासारख्या तलावाकाठच्या गावी रस्ता ‘ओलांडावा’ लागत नाही, माणसे, गुरे, सायकली आणि गाड्या यांचा तो सामाईकच असतो. हीच सवय घेऊन आपण शहरात येतो आणि पुढे पर्यटनाच्या निमित्ताने परदेशी जातो. तिथे पहिली गफलत होते ती नजरेची. भारतात वाहने डावीकडून धावत असल्याने रस्त्यात पाऊल टाकताना आपण आधी उजवीकडे पाहतो. पॅरिस वा न्यूयॉर्कमध्ये गाडी येते ती नेमकी डावीकडून.

दुसरा फरक कायद्याचा. सिंगापुरात पादचारी मार्ग जवळ असताना भलतीकडून रस्ता ओलांडणे दंडनीय आहे. जर्मनीत लाल दिवा असताना ओलांडल्यास किरकोळ का होईना, दंड होतो. पण दंडापेक्षा आसपासच्यांची नापसंती अधिक बोचते. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर मात्र असा सर्वसाधारण गुन्हाच नाही. हनोईत तर न थांबता, न धावता, संथ गतीने चालत राहावे. दुचाक्या वळसा घालून जातात. मुंबईकराला हे शिकवावे लागणार नाही!

‘जेवॉकिंग’ या शब्दाचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकी बोलीत ‘जे’ म्हणजे गावंढळ. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारी वाढल्या, तेव्हा रस्त्यावर पूर्वापार चालणारा माणूसच मोटारउद्योगाच्या पाठबळाने झालेल्या प्रचारातून अडाणी ठरविला गेला. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये पादचाऱ्यांवर कडक निर्बंध घातले. शतकभरानंतर चक्र उलटे फिरले आहे. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०२३ पासून ही कारवाई सैल केली. न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये हा गुन्हाच रद्द केला. तेथे दंडाच्या पावत्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नागरिकांच्याच हाती पडत होत्या.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. बेशिस्त पादचारी हे त्याचे सोपे उत्तर, पण अपुरे. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर चालकाने थांबून वाट द्यावी, असे २०१७ ची नियमावली सांगते. प्रत्यक्षात थांबणाऱ्या गाडीला मागून कर्णे ऐकावे लागतात. पदपथ असलाच तर त्यावर दुचाकी उभी. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी खालून वाट काढण्यात आली, हे योग्यच झाले. महामार्गाकाठच्या किती गावांना तशी वाट मिळाली?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३८ (१अ) राज्यांना पादचाऱ्यांबाबत नियम करण्याचा अधिकार देते. ते नियम सहा महिन्यांत करावेत, असे न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बजावले. त्यांत चालणाऱ्याच्या दंडाचे कलम आधी येते की पदपथ मोकळा ठेवण्याच्या जबाबदारीचे, हे पाहण्याजोगे आहे.