दोन बीडएवढे दोन देश

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक वेगळीच पंचाईत उभी राहिली. आमची पुतणी बी.एस्सी. नर्सिंगची शेवटची परीक्षा पास झाली. पेढे वाटले, दुआ झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती मोबाइल घेऊन आमच्यासमोर बसली. "चाचा, आता तुम्हीच सांगा. नॉर्वे की न्यूझीलंड?"

मोबाइलवर दोन चित्रे होती. एकात उभ्या डोंगरांमध्ये शिरलेला समुद्र आणि काठावर लाल लाकडी घरे. दुसऱ्यात हिरवीगार कुरणे, मेंढ्या आणि मागे बर्फाची शिखरे. बीडच्या उन्हाळ्यात, दारात घागरी मांडून टँकरची वाट पाहताना अशी चित्रे दिसली तर कुणाचे मन जाणार नाही? पण चित्रांच्या मागे एक एजंट होता. "दोन्हीकडे काम होईल, आधी पैसे भरा," असे त्याचे म्हणणे. आणि आमचे भाईजान, म्हणजे तिचे अब्बा, गेवराईकडची दोन एकर जमीन विकायला निघाले होते.

आम्ही म्हटले, भाईजान, महिनाभर थांबा. आधी त्या देशांची माहिती घेऊ. अशी पंचाईत आज बीड, परळी, अंबाजोगाईच्या कितीतरी घरांत आहे. म्हणून तिच्यासाठी जे गोळा केले तेच या वेळी वाचकांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट आकाराची. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. नॉर्वेची आजची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि न्यूझीलंडची ५३ लाखांच्या आसपास. म्हणजे दोन बीड जिल्हे एकत्र केले की साधारण एक देश होतो! जमीन मात्र भरपूर. दोन्ही देश थोड्याफार फरकाने आपल्या महाराष्ट्राएवढे आहेत. माणसे थोडी, डोंगर, पाणी, जंगल आणि समुद्र उदंड.

लोकांचे राहणीमान मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रे दरवर्षी मानव विकास निर्देशांक काढतात. आयुष्यमान, शिक्षण आणि उत्पन्न या तीन गोष्टी त्यात धरतात. ही पद्धत १९९० मध्ये पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सुरू केली. आपले अमर्त्य सेन त्यांच्या सोबतीला होते. या यादीत नॉर्वे कित्येक वर्षे पहिला होता आणि आजही अगदी वरच्या दोन-चार देशांत आहे. न्यूझीलंड साधारण पहिल्या विसांत असतो.

"म्हणजे नॉर्वेच ना!" पुतणी लगेच म्हणाली. आम्ही म्हटले, बेटा, एवढ्यात निकाल लावू नकोस. आधी हे बघ की ही श्रीमंती आली कुठून.

आपल्याला वाटते, अल्लाहने त्यांना निसर्ग दिला म्हणून ते सुखी झाले. पण नॉर्वेचे डोंगर आणि समुद्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही तेच होते. तेव्हा तिथे शेतीला पुरेशी जमीन नव्हती, हाताला काम नव्हते. १८२५ पासून पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन माणसे पोटासाठी अमेरिकेला निघून गेली. आपल्याकडून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन माणसे जातात, तशीच ती गेली. फरक एवढाच की बहुतेक परत आली नाहीत.

मग बदलले काय? १९०९ च्या सुमारास नॉर्वेने कायदा केला की धबधब्यांवर वीज काढायची परवानगी कंपनीला मिळेल, पण ठरावीक वर्षांनी तो धबधबा आणि वीजघर सरकारकडे परत येईल. आज त्या देशाची बहुतेक वीज पाण्यापासून होते. पुढे १९६९ मध्ये उत्तर समुद्रात तेलाचा मोठा साठा सापडला आणि या कथेत एक इराकी मुसलमान माणूस आला. त्याची हकीकत आमच्या वाचकांना माहीत असायला हवी.

फारूक अल-कासिम हे बसरा शहराचे भूशास्त्रज्ञ. लंडनमध्ये शिकलेले, इराकच्या तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पत्नी नॉर्वेची. मुलाला मेंदूच्या विकाराचा त्रास होता, त्याच्या उपचारासाठी चांगली नोकरी सोडून १९६८ मध्ये ते नॉर्वेला आले. सासुरवाडीच्या गाडीला वेळ होता, म्हणून ऑस्लोच्या उद्योग मंत्रालयात गेले आणि विचारले, इथे तेल कंपन्या कोणत्या आहेत त्यांची यादी मिळेल का? मंत्रालयात तेलाचे काम पाहणारी इनमिन दोन-चार माणसे होती. त्यांनी याच पाहुण्याला ठेवून घेतले! समुद्रातल्या विहिरींचे निष्कर्ष तपासायचे काम त्यांना मिळाले. पुढे तेलाचा कारभार कसा चालवावा याचा आराखडा करण्यात त्यांचा हात होता. १९७२ मध्ये देशाची स्वतःची तेल कंपनी आणि तिच्यावर देखरेख करणारे वेगळे खाते निघाले. त्या खात्यात त्यांनी १९९० पर्यंत काम केले. घाईने तेल उपसू नका, जमिनीतला थेंब वाया जाऊ देऊ नका, हा त्यांचा आग्रह. २०१२ मध्ये नॉर्वेने त्यांना मोठा राजसन्मान दिला.

१९९० मध्ये नॉर्वेने आणखी एक कायदा केला. तेलाचा पैसा एका वेगळ्या निधीत टाकायचा. पुढे नियम ठरला की त्याची मुद्दल खायची नाही. सरकारने खर्चाला घ्यायचा तो साधारण वर्षाच्या अपेक्षित नफ्याएवढा, म्हणजे सुमारे ३ टक्के. आज त्या निधीत दीड लाख कोटी डॉलरहून जास्त रक्कम आहे. पाळण्यातल्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला अडीच लाख डॉलरहून अधिक. आपल्या भाषेत सांगायचे तर, हे तेल आपले नाही, येणाऱ्या पिढ्यांची अमानत आहे, असे त्या देशाने मानले. त्यातही एक विसंगती आहेच. तिथे विकल्या जाणाऱ्या दहा नव्या गाड्यांपैकी नऊहून जास्त विजेवर चालतात आणि तेल जाते ते जगाला जाळायला.

न्यूझीलंडची श्रीमंती कुरणातून आली. १९८२ मध्ये तिथे सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या. आता अडीच कोटींच्या आसपास उरल्या आणि जागा गाईंनी घेतली. दुधाचा सगळ्यात मोठा धंदा शेतकऱ्यांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेकडे आहे. साखर कारखान्यांच्या सहकाराचे बरे-वाईट पाहिलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण गाई वाढल्या, तसे शेण, मूत आणि खत झिरपून नद्या नासू लागल्या. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक नदीला आपली पूर्वज मानतात. १८४० च्या करारानंतरही त्यांच्या जमिनी गेल्या, त्याचे दावे आजही चालू आहेत. त्यांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायद्याने माणसासारखे हक्क मिळाले. नदीच्या वतीने बोलणारे पालक नेमले गेले. आपल्या बिंदुसरेकडे पाहून आम्हाला वाटून गेले, हिच्या वतीने कोण बोलते?

आता रोजच्या जगण्याचे. नॉर्वेत पगार मोठा, पण कर मोठा आणि महागाई त्याहून मोठी. खाण्याच्या जिनसांवरही १५ टक्के कर, इतर बहुतेक वस्तूंवर २५ टक्के. बदल्यात प्रत्येकाला नेमून दिलेला डॉक्टर असतो, आणि वर्षभरात ठरावीक रक्कम भरली की पुढचे उपचार फुकट. न्यूझीलंडमध्ये कर कमी, सरकारी दवाखाना फुकट, पण साध्या तापासाठी डॉक्टरकडे गेले तर फी द्यावी लागते. चौदा वर्षांखालच्या मुलांना मात्र नाही. तिथे १९७४ पासून एक चांगली सोय आहे: कुणालाही अपघात झाला, चूक कुणाचीही असो, उपचाराचा भार सार्वजनिक निधी उचलतो. ऊसतोडीत बोट तुटलेला माणूस आपण पाहिला आहे, म्हणून ही सोय आम्हाला फार मोलाची वाटली. घरांचे मात्र न्यूझीलंडमध्ये अवघड. किमती कमाईच्या मानाने फार, जुनी घरे थंड आणि ओलसर. तिथलीच तरुण पोरे जास्त पगारासाठी ऑस्ट्रेलियाला जातात.

बाळंतपणाची पगारी रजा न्यूझीलंडमध्ये २६ आठवडे. नॉर्वेत पूर्ण पगार घेतला तर आई-वडिलांची मिळून ४९ आठवडे, आणि त्यातले १५ आठवडे बापासाठी राखून ठेवलेले. बापाने ते घेतले नाहीत तर सहसा बुडाले. आमच्या भाभी हे ऐकून हसल्या आणि भाईजानकडे पाहून म्हणाल्या, "इथे तर पंधरा मिनिटे मिळाली नाहीत." मुलांवर हात उगारणे नॉर्वेत १९८७ पासून आणि न्यूझीलंडमध्ये २००७ पासून कायद्याने बंद आहे. राणी मुखर्जीचा 'मिसेस चॅटर्जी वर्सेस नॉर्वे' ज्यांनी पाहिला, त्यांना तिथले बालकल्याण खाते किती कडक आहे याची कल्पना असेल. इथल्या सवयी तिथे घेऊन जाता येत नाहीत.

दीनाचे काय, हा प्रश्न अम्मांनी विचारला. ऑस्लोत १९७० च्या सुमारास पाकिस्तानी कामगार आले, त्यामुळे मशिदी, दुकाने, बिर्याणी सगळे आहे. पण उत्तरेच्या ट्रॉम्सो गावात उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात नोव्हेंबरअखेरपासून दीड-पावणेदोन महिने उगवत नाही. रोजे-नमाजसाठी तिथले बरेच मुसलमान मक्केची वेळ धरतात. न्यूझीलंडमध्ये ऋतू उलटे. जूनमध्ये थंडी आणि नऊ तासांचा दिवस. हलाल मांस तो देश स्वतःच परदेशी पाठवतो. २०२३ च्या जनगणनेत तिथे भारतीय वंशाचे लोक जवळपास ३ लाख होते. फोन करायचा तर आपली ईशा झाली की त्यांचे पहाटेचे तीन वाजलेले; नॉर्वेत मात्र दुपार-संध्याकाळ.

द्वेषापासून मात्र दोन्ही देश सुटलेले नाहीत. १५ मार्च २०१९ ला, जुम्म्याच्या दिवशी, क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण शहीद झाले. त्यांत आपल्या भारतातलेही होते. महिन्याच्या आत तिथल्या संसदेने त्या प्रकारच्या बंदुकांवर बंदी आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्लोजवळच्या मशिदीत एक बंदूकधारी शिरला, तेव्हा एका वयस्क नमाजीने त्याला जमिनीवर पाडून धरले. शांत देश म्हणजे भीतीच नाही, असे समजून जाऊ नये. अशा वेळी सरकार आणि शेजारी कुणाच्या बाजूला उभे राहतात, ते पाहावे.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही कामाचे विचारले. नॉर्वेत नर्स व्हायचे तर नॉर्वेजियन भाषा आलीच पाहिजे, शिवाय परवान्यासाठी जादा अभ्यास. न्यूझीलंडमध्ये इंग्रजीची परीक्षा, मग नर्सिंग कौन्सिलची लेखी आणि प्रत्यक्ष कामाची परीक्षा. शिकायला जायचे म्हटले तर २०२३ पासून नॉर्वेनेही युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. "आधी पैसे भरा, दोन्हीकडे काम होईल" हे एजंटचे बोलणे कोणत्याच नियमात बसत नव्हते.

तेव्हा आम्ही भाईजानना एवढेच म्हटले की आपला जिल्हा स्थलांतर जगाला शिकवू शकेल इतके जाणतो. इथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत त्या जोडीला आजारी पडायचीही मुभा नसते. ज्याच्या डोक्यावर उचल, त्याला गाव कसे आहे, मालक कसा आहे, हे निवडता येत नाही. जमीन विकून, व्याजाने पैसे काढून पोरीला पाठवले तर तीही उचलच झाली. फक्त कोयत्याऐवजी पासपोर्ट हातात. मग नॉर्वेची हवा आणि न्यूझीलंडचे डोंगर ती कोणत्या डोळ्यांनी पाहणार?

भाईजान बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जमीन राहू दे. त्यात तिचाही वाटा आहे."

पुतणीने आता बीडमध्येच एका दवाखान्यात नोकरी धरली आहे. पगार थोडा आहे, पण इंग्रजीच्या परीक्षेची फी ती स्वतःच्या कमाईतून भरणार आहे. दोन वर्षांचा अनुभव गाठीला बांधून, परीक्षा देऊन, ती न्यूझीलंडसाठी अर्ज करेल. भाषेची एक पायरी तिथे कमी आहे, हे तिचे स्वतःचे कारण. तेव्हा तिला तिथे जावेसे वाटले नाही, तर तेही तिच्या हातात असेल.

जुम्म्याला आम्ही तिला खजाना बावडीवर घेऊन गेलो. निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने बांधवून घेतलेली ती विहीर, जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी आणणारी आणि शिवारात पोचवणारी. बीडच्या कित्येक दुष्काळांत तिने साथ दिली आहे. काठावरून वाकून पाहत पुतणी म्हणाली, "चाचा, हे पाणी कुणाच्या मालकीचे?" आम्ही म्हटले, बेटा, ज्यांनी बांधली त्यांनी हा प्रश्न आधी सोडवला, मग विहीर खोदली. तिकडे गेलीस तर तेवढे नीट शिकून घे, आणि सुटीत आलीस की आम्हाला सांग. इन्शाअल्लाह, बीडलाही उपयोग होईल.